घाटाचा उतार आणि रिम ब्रेक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस ओसरला की साताऱ्याहून कासकडे आणि वाईहून पाचगणीकडे सायकली निघतात, आणि आमच्याकडे ब्रेकबद्दलची पत्रं यायला लागतात. डिस्क ब्रेकच्या (चाकाच्या मध्यावरची चकती दाबून थांबणाऱ्या) रोड बाइक आता बाजारात भरपूर आहेत, तरी अनेकांच्या घरी रिम ब्रेकचीच, म्हणजे चाकाच्या कड्याला (रिमला) दोन्ही बाजूंनी रबरी पॅड दाबून थांबणारी सायकल आहे. ती नीट ठेवली आणि नीट उतरवली तर आपल्या बहुतेक घाटांना पुरते. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : पसरणी घाट उतरताना मी दोन्ही ब्रेक हलके दाबूनच ठेवतो. वेग ताशी १५ किलोमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. तरी खाली येईपर्यंत रिम हाताला चटका देते. ग्रुपमधले म्हणतात, पुढचा आणि मागचा ब्रेक आलटून पालटून दाबत जा, म्हणजे रिम तापणार नाही. हे बरोबर आहे का? टायर फुटण्याची भीती कितपत खरी? रिम ॲल्युमिनियमची, टायर २५ मिलिमीटरचे, हवा १०० पीएसआय. (एक वाचक, वाई)

पसरणी घाटाने पाचगणीहून वाईला येताना तुम्ही साडेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरता. तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ८५ किलो धरलं तर एवढ्या उंचीत साठलेली ऊर्जा सुमारे ४६० किलोज्यूल होते. साधारण दीड लिटर पाणी उकळीला येईल इतकी ती आहे. खाली पोचेपर्यंत ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही भाग हवा ढकलण्यात जातो, थोडा टायरच्या घर्षणात आणि उरलेला सगळा ब्रेकमधून रिममध्ये उतरतो. हवेला किती द्यायचं आणि रिमला किती, एवढंच तुमच्या हातात असतं, आणि ते ठरतं वेगावर.

सहा टक्के उताराचा एक किलोमीटर घ्या. त्याच ८५ किलोला ताशी १५ च्या वेगाने उतरवलं तर त्या एका किलोमीटरमध्ये ब्रेकवर सुमारे ४२ किलोज्यूल पडतात. ताशी ३० ने उतरलात तर सुमारे ३२. ताशी ४५ ने उतरलात तर १६ च्या आसपास. वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हा फरक एवढा मोठा दिसतो. ताशी ५५ च्या जवळ गेलात तर अशा उतारावर ब्रेकची गरजच उरत नाही, वारा तेवढा अडवतो. म्हणजे अगदी सावकाश उतरणारा माणूस जवळजवळ सगळी उष्णता आपल्या रिमला देत असतो, आणि वर त्याच्या रिमला वाराही कमी मिळतो.

पण यात एक खाचखळगा आहे. उष्णता दर सेकंदाला किती येते हे पाहिलं तर सर्वांत वाईट वेग मधला निघतो. १५ ला सुमारे १७५ वॅट, ३० ला सुमारे २७० वॅट, ४५ ला पुन्हा २०० वॅटच्या आत. म्हणून '१५ ऐवजी ३० वर धरून ठेवा' हा सल्ला आम्ही देणार नाही. कुठल्याही वेगावर ब्रेक दाबून धरणं हेच सोडायला हवं.

रस्ता पुढे दिसतो, खड्डा नाही, समोर एसटी नाही, अशा सरळ पट्ट्यात ब्रेक पूर्ण सोडा. वळण जवळ आलं की दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडाच वेळ दाबा. वेग हवा तेवढा उतरला की वळणात झुकण्याआधी सोडा. ४५ वरून २० वर येताना साडेचारशे ग्रॅमच्या पुढच्या रिमचं तापमान एका दाबात दहा अंशांच्या आसपास वाढतं, आणि पुढच्या सरळ पट्ट्यात वारा ते बऱ्यापैकी काढून घेतो. सरळ पट्ट्यात वेग फार वाढतोय असं वाटलं तर उठून ताठ बसा, छाती वाऱ्याला द्या, कोपर बाहेर काढा. शरीराचा हा ब्रेक रिमला अजिबात तापवत नाही आणि बहुतेक लोक तो वापरतच नाहीत.

सुट्टीच्या दिवशी पसरणीत गाड्यांची रांग असते, तेव्हा ४५ चा प्रश्नच येत नाही. तेव्हा मुकाट्याने हळू उतरावं लागतं. अशा वेळी उपाय एकच, थांबणं. घाटात दोन-तीन ठिकाणी, गाड्यांना अडथळा होणार नाही असा कठडा पाहून, पाच-सात मिनिटं थांबा. रिम किती तापली हे बोटाने बघू नका. बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन एक थेंब ब्रेकच्या पट्टीवर, म्हणजे रिमचा पॅड घासतो त्या भागावर टाका. थेंब नुसता पसरला तर ठीक. चर्र करून लगेच उडाला तर रिम शंभर अंशांच्या आसपास किंवा वर गेलीय असं समजा आणि थंड होईपर्यंत हलू नका.

आता आलटून पालटून दाबण्याबद्दल. वेग तोच ठेवायचा असेल तर रिमांना मिळणारी एकूण उष्णता तेवढीच राहते. एक रिम थंड होत असते तेव्हा दुसरी दुप्पट खात असते. हाताला विसावा मिळतो हा फायदा खरा, पण तापण्यात बचत काही नाही. उलट एका क्षणी एकच ब्रेक हाताशी असल्यामुळे अचानक कुत्रं आडवं आलं तर थांबायला उशीर होतो. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा.

टायरची भीती निराधार नाही. तीस अंशांत १०० पीएसआय भरलेली हवा आतून शंभर अंशांपर्यंत तापली तर दाब १२६ च्या आसपास जातो. आतली हवा सहसा रिमइतकी तापत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वाढ कमी असते, आणि चांगला टायर एवढ्या वाढीने फुटत नाही. फुटतं ते आधीच कच्चं असलेलं काहीतरी. रिमच्या आत स्पोकच्या भोकांवर पातळ प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती उष्णतेने मऊ होऊन सरकते, भोक उघडं पडतं आणि ट्यूब त्यात घुसून फाटते. ती काढून कापडी, चिकट, रिमच्या आतल्या रुंदीला बरोबर बसणारी पट्टी लावा. ट्यूबवर गोंद न लावता चिकटवायचे तयार पॅच असतात, ते उष्णतेत सुटतात. घाटासाठी पॅच नसलेली ट्यूब घाला. आणि तुमच्या वजनाला २५ च्या टायरमध्ये १०० ची गरज नाही. मागे ८५, पुढे ८० भरा. पकडही वाढेल आणि तापल्यावर वर जायला जागाही राहील.

प्रश्न : कासहून यवतेश्वरमार्गे साताऱ्याला उतरताना पावसात ब्रेक पहिल्यांदा लागतच नाही, आणि मग एकदम पकडतो. घरी आल्यावर पॅडमध्ये चांदीसारखे चमकणारे कण दिसतात आणि रिमवर ओरखडे आहेत. पॅड खराब आहेत का? (एक वाचक, सातारा)

पॅड खराब आहेत की नाही हे नंतर बघू, आधी पहिला दाब. ओल्या रिमवर पाण्याचा थर असतो आणि पॅडला तो आधी पुसून काढावा लागतो. चाकाचा परीघ २.१ मीटर. चाक चार-पाच वेळा फिरेपर्यंत पकड येत नसेल तर दहा मीटर रस्ता ब्रेकविना गेला. आपण घाबरून आणखी जोरात दाबतो, तेवढ्यात रिम कोरडी होते आणि त्या वाढलेल्या जोरासकट ब्रेक धरतो. मागचं चाक घसरतं ते इथे.

म्हणून पावसात वळण दिसलं की ब्रेकची खरी गरज पडण्याच्या बऱ्याच आधी पॅड रिमला नुसते टेकवा, पाणी निपटू द्या. पकड जाणवायला लागली की बोटांचा जोर वाढवा, आणि एकदम धरतंय असं वाटताच तो कमी करा. इथे मात्र वर सांगितलेला 'सरळ पट्ट्यात पूर्ण सोडा' हा नियम थोडा मोडायचा. अधूनमधून दोन सेकंद पॅड टेकवून रिम पुसत राहा. पावसात रिम तापत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

चमकणारे कण म्हणजे तुमच्याच रिमचं ॲल्युमिनियम. या रस्त्यावर जांभ्याची लाल रेती पाण्याबरोबर वाहत येते, रिमवर चिकटते आणि पॅडमध्ये रुतते. ती रिम खरवडते, निघालेला धातूचा कीस पॅडमध्ये जाऊन बसतो आणि मग धातूवर धातू घासायला लागतो. चाक काढा, पॅड उजेडात धरा, दाभणाच्या किंवा सुईच्या टोकाने एकेक कण उकरून काढा. मग सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून पॅडचा चकचकीत झालेला थर हलका घासून टाका. रिम भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुवा. रॉकेल किंवा डिझेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर राहतो. ही साफसफाई पावसातल्या प्रत्येक फेरीनंतर करायची आहे. आळस केला तर दोन-तीन पावसाळ्यांत रिम जाते, आणि पॅडपेक्षा रिम कितीतरी महाग.

पॅड बदलणारच असाल तर ओल्यासाठी बनवलेले, तांबूस-गुलाबी रंगाचे कूल-स्टॉप पॅड मिळतात. रिमला ते सौम्य असतात आणि पाण्यात लवकर धरतात. आम्ही पावसाळ्यासाठी तेच सुचवू.

प्रश्न : रिम झिजली हे नेमकं कसं ओळखायचं? (एक वाचक, कोरेगाव)

बहुतेक रिमांवर ब्रेकच्या पट्टीत एक बारीक खाच किंवा टिकलीएवढा खळगा मुद्दाम केलेला असतो. तो हाताला लागेनासा झाला की रिम संपली. खूण नसेल तर पोलादी पट्टी त्या भागावर उभी टेकवून उजेडाकडे बघा. मध्ये फट दिसली तर ब्रेकची पट्टी झिजून खोलगट झाली आहे.

मोजूनच बघायचं असेल तर टायर काढा. मोजायची आहे ती रिमची भिंत, म्हणजे पॅड घासतो त्या बाजूची जाडी. व्हर्नियर सरळ लावला तर रिमच्या आत वळलेल्या कडेत अडकतो आणि माप चुकतं. त्याऐवजी २ मिलिमीटर जाडीचा स्पोकचा तुकडा आतल्या बाजूला भिंतीला टेकवून धरा, स्पोक आणि भिंत मिळून मोजा, दोन वजा करा. नवी भिंत साधारण दीड मिलिमीटरची असते. एकच्या खाली गेली की त्या रिमवर घाट उतरू नका. भिंत पातळ झाली की आतला दाब तिला बाहेर ढकलतो, आणि ती फाटते तेव्हा टायर त्याच क्षणी निसटतो. ब्रेक दाबल्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी झटका बसायला लागला असेल तर तिथे फुगवटा आलाय का, हे आधी बोटाने चाचपून बघा. रिमचा सांधा थोडा वर आला असेल तरी असाच झटका बसतो, पण तो चाक नवं असल्यापासून असतो. नंतर सुरू झालेला झटका धोक्याचा.

प्रश्न : जुन्या बाजारातून कार्बन रिमची चाकं घेतली आहेत, रिम ब्रेकचीच. डिसेंबरात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचा बेत आहे. चालतील का? (एक वाचक, कराड)

या उतारासाठी आमचं उत्तर नाही असं आहे. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे आणि पोलादपूर कोकणच्या तळाशी. जवळजवळ १३०० मीटरचा उतार एका दमात आहे, पसरणीच्या दुपटीहून जास्त. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, त्यामुळे वेग सोडून वाऱ्यावर भार टाकण्याची संधीही कमी.

ॲल्युमिनियम उष्णता झटपट पसरवतं आणि वाऱ्याला देतं. कार्बन तसं करत नाही. पॅड जिथे घासतो तिथेच उष्णता साचते. कार्बनचे थर ज्या राळेने बांधलेले असतात ती ठरावीक तापमानाला मऊ पडायला लागते. मग आतल्या हवेच्या दाबाने ब्रेकची पट्टी बाहेर फुगते किंवा थर सुटतात. नामांकित कंपन्यांनी नंतरच्या काळात जास्त उष्णता सोसणारी राळ वापरली, पण तुमची चाकं जुन्या बाजारातली आहेत. आधीच्या मालकाने ती कशी वापरली, कुठले पॅड लावले, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. त्या दिवशी ॲल्युमिनियमची चाकं लावा.

सपाटीवर आणि छोट्या चढउतारांवर ही चाकं वापरताना तीन गोष्टी सांभाळा. पॅड त्या रिमच्या कंपनीने सांगितलेलेच घ्या. ॲल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनवर कधीही लावू नका, त्यांत रुतलेला धातूचा कीस कार्बन कापत जातो. आणि लॅटेक्स ट्यूब घालू नका, ती उष्णतेपुढे टिकत नाही. टीपीयू नावाच्या प्लॅस्टिकच्या हलक्या ट्यूब आल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच खोक्यांवर रिम ब्रेकसाठी नाही असं लिहिलेलं असतं. घेण्याआधी खोकं वाचा.

प्रश्न : रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क ब्रेक बसवून मिळतील का? (एक वाचक, इस्लामपूर)

नाही. डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा चिमटा) धरायला फ्रेम आणि फोर्कवर बैठक लागते, हब वेगळे लागतात, आणि डिस्कचा ओढा सोसेल असा फोर्क लागतो. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर करू देऊ नका. त्या पैशांत चांगले पॅड, नव्या केबल आणि एक दणकट पुढचं चाक येईल.

प्रश्न : घरीच नवे पॅड बसवले. दंडोबाच्या डोंगरावर सराव करताना मागच्या ब्रेकचा एक पॅड होल्डरमधून सरकून बाहेर पडला. पॅड अस्सल आहेत, स्क्रूही आवळला होता. असं कसं झालं? (एक वाचक, सांगली)

होल्डर उलटसुलट बसले आहेत. होल्डरला एक टोक बंद असतं आणि एक उघडं, पॅड उघड्या टोकातून आत सरकतो. ब्रेकपाशी रिम पुढच्या दिशेने जात असते आणि पॅडला आपल्याबरोबर पुढे ओढते. म्हणून बंद टोक पुढे, म्हणजे हँडलच्या दिशेला हवं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही ब्रेकला हाच नियम. डावा होल्डर उजवीकडे लावला की उघडं टोक पुढे येतं आणि मग तो छोटा स्क्रू एकटा सगळा जोर धरत बसतो. सांगलीच्या सपाट रस्त्यावर हे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. पहिल्या खऱ्या उतारावर पॅड बाहेर येतो. सुदैवाने तुमचा मागचा गेला. पुढच्याचेही दोन्ही होल्डर आजच तपासा, त्यावर डावा-उजवा आणि दिशेचा बाण कोरलेला असतो.

सगळं उतरवणारच आहात तर पूर्ण बसवणी अशी करा. आधी चाक ड्रॉपआउटमध्ये (चाकाचा आस बसतो त्या खाचेत) पूर्ण खाली बसलंय ना ते बघा. तिरकं बसलेलं चाक पाहून ब्रेक मध्यावर आणलात तर पुढची सगळी मेहनत वाया. कॅलिपरची छोटी सोडखटकी (चाक काढताना ब्रेक सैल करायची) बंद ठेवा. केबलचा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून दीड फेरा बाहेर घ्या. पॅडचा बोल्ट ४ च्या ॲलन कीने ढिला करा आणि लिव्हर रबराने बांधून ठेवा, म्हणजे पॅड रिमला टेकून राहतील आणि दोन्ही हात मोकळे.

पॅडचा बाक रिमच्या बाकाशी जुळवा. वरची कड रिमच्या वरच्या कडेपेक्षा एक मिलिमीटर खाली हवी. वर गेली तर टायरची भिंत कापते, आणि घाटात टायर फुटण्याच्या कारणांत हे एक नेहमीचं कारण आहे. फार खाली गेली तर पॅडची खालची कड झिजत नाही, ओठासारखी राहते आणि रिमखाली अडकते. दुहेरी पिव्होटच्या (दोन खिळींवर फिरणाऱ्या) कॅलिपरमध्ये पॅड झिजत जातात तसा एक वर टायरकडे सरकतो आणि दुसरा खाली, म्हणून ही तपासणी एकदाच करून भागत नाही. पॅडच्या मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाचा तुकडा ठेवून मग बोल्ट आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल आणि किंचाळणं थांबेल. आवळताना पॅड बोल्टबरोबर फिरतो, त्याला दुसऱ्या हाताने घट्ट धरा. आवळायचा जोर पॅडच्या बोल्टला ५ ते ७ न्यूटन मीटर, केबलच्या बोल्टला ६ ते ८, कॅलिपर फ्रेमला धरणाऱ्या नटला ८ ते १०. शिमानोच्या कॅलिपरचे हे आकडे आहेत, इतरांचे त्यांच्या पत्रकात बघा.

शेवटी लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबा. केबल थोडी बसते, अंतर वाढतं, ते ॲडजस्टरने भरून काढा. दोन्ही बाजूंना रिमपासून एक ते दीड मिलिमीटर पुरे. मग सायकल पुढे ढकलत ब्रेक दाबा आणि पॅड होल्डरमध्ये हलतो का ते डोळ्यांनी बघा.

प्रश्न : वडिलांची २७ इंची स्पोर्ट्स सायकल आहे, रिम स्टीलची, क्रोम केलेली. पावसात ब्रेक जवळजवळ शून्य. पॅड तीनदा बदलले. (एक वाचक, मिरज)

पॅड बदलून फरक पडणार नाही, दोष क्रोमचा आहे. ओल्या क्रोमवर रबराला पकड मिळत नाही. ॲल्युमिनियमची रिम लावलीत तर ब्रेक ओळखू येणार नाही इतका सुधारेल, शिवाय चाकाचं वजन उतरेल. २७ इंचीत ॲल्युमिनियमच्या रिमा शोधाव्या लागतात. आताच्या रोड बाइकच्या, ७०० सी मापाच्या सहज मिळतात, पण त्यांचा व्यास २७ इंचीपेक्षा ८ मिलिमीटरने कमी. म्हणजे पॅड ४ मिलिमीटर खाली यायला हवा. आताच्या कॅलिपरच्या खाचेत पॅड तेवढा उतरतो का ते आधी मोजा. उतरत नसेल तर तिथपर्यंत पोचेल असा लांब हाताचा कॅलिपर घ्या. रिम बदलेपर्यंत पावसात ती सायकल उतारावर नेऊ नका.

प्रश्न : पुढचा ब्रेक जोरात दाबला तर तोंडावर पडेन या भीतीने मी फक्त मागचाच वापरते. माझे हात लहान आहेत. हूडवरून (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवरून) ब्रेक धरला की ठोसेघरच्या उतारावर बोटं बधिर होतात. काय करावं? (एक वाचक, सातारा)

ताई, बोटं बधिर होण्याचं निम्मं कारण मागच्या ब्रेकवरची ही भिस्तच आहे. ब्रेक लागताच सगळं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, आणि मग कितीही दाबलं तरी ते फक्त घसरतं. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी ३६ वरून नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला वीसेक मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर दहाच्या आसपास. उतारावर हे दोन्ही आकडे वाढतात, आणि मागच्याचा जास्त वाढतो.

माणूस हँडलवरून फेकला जातो तो बहुतेक वेळा पुढचा ब्रेक एका झटक्यात दाबल्यामुळे आणि हात सैल असल्यामुळे. पेडल समान पातळीवर आणा, नितंब खोगिराच्या मागच्या टोकाकडे सरकवा, हातांनी शरीर मागे रेटून धरा, आणि जोर हळूहळू वाढवा. दोन भाग पुढे, एक भाग मागे. मागचं चाक घसरायला लागलं तर पुढचा थोडा सोडा. हा सराव मोकळ्या मैदानात ताशी १५ पासून सुरू करा, घाटात नाही.

एक गोष्ट आधी तपासा. स्कूटर आणि मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, आणि घाबरल्यावर हात तीच सवय वापरतो. काही रोड बाइकमध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला येतो. तसं असेल तर केबलची अदलाबदल करून उजवीकडे घ्या.

आता बोटं. हूडवरून धरल्यावर बोटं लिव्हरच्या वरच्या भागावर, खिळीच्या जवळ पडतात. तिथे तरफ छोटी, म्हणून जोर जास्त लागतो. उतारावर ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात हात घाला, लिव्हरच्या खालच्या टोकाला दोन बोटं पुरतात. लिव्हर लांब पडत असेल तर बहुतेक लिव्हरमध्ये ती हँडलजवळ आणायचा स्क्रू असतो, जुन्यांत प्लॅस्टिकची पाचर बसते. लिव्हर जवळ आणल्यावर केबल पुन्हा ताणून घ्या. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये बोटभर जागा राहायलाच हवी.

एवढं करूनही जड लागलं तर केबल बदला. ब्रेकचा आउटर (केबलची बाहेरची नळी) ५ मिलिमीटरचा, आत पोलादी पट्टीचे वेढे असलेला हवा. गिअरचा ४ मिलिमीटरचा आउटर ब्रेकला लावू नका. त्यातल्या तारा लांबीने सरळ असतात आणि जोरात ब्रेक मारल्यावर तो फाटतो. कापलेलं टोक कानशीने सपाट करा आणि त्यावर टोपी घाला. इनर (आतली तार) स्टेनलेसचा, १.६ मिलिमीटरचा, आणि रोड लिव्हरच्या डोक्याचाच घ्या. एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) इनरचं डोकं वेगळ्या आकाराचं असतं, ते खाचेत नीट बसत नाही आणि निसटू शकतं. जुना इनर काढण्याआधी लिव्हर पूर्ण दाबून आत टॉर्च मारा. इनर तुटतो तो बहुतेक वेळा डोक्यापासून बोटभर अंतरात, आणि आधी एखाद-दुसरी बारीक तार तुटून काट्यासारखी उभी राहते. तशी एक जरी दिसली तरी पुढचा घाट नवा इनर टाकल्यावरच.